दारू सोडलेल्या माणसासाठी घराजवळचा गट: पिंपरी-चिंचवडमधील ‘ए.ए.’च्या मराठी मीटिंगविषयी अभिप्राय

व्यसनमुक्ती केंद्रांची नावे कुठेही विचारली तरी मिळतात. परंतु केंद्रातून घरी आलेल्या, किंवा केंद्रात न जाताच दारू सोडू पाहणाऱ्या माणसाने रोज संध्याकाळी सात वाजता नेमके कुठे जाऊन बसावे, या प्रश्नाचे उत्तर मिळवताना आमच्या घराची बरीच दमछाक झाली. माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही पिंपरी-चिंचवड परिसरात असा गट शोधत होतो. अखेर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे सगळे जण ज्याला ‘ए.ए.’ म्हणतात त्या संघटनेच्या, एका मराठी गटात तो रुळला. हा अभिप्राय त्या गटाविषयी आहे. गटाचे नाव आणि जागा मी देत नाही, कारण तिथे येणाऱ्या माणसांची ओळख बाहेर जाऊ नये हा त्या मीटिंगचा पायाच आहे. मी स्वतः केवळ खुल्या मीटिंगना बसले आहे. बंद मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते, त्यामुळे तिच्याविषयी जे लिहिले आहे ते भावाने सांगितलेले असून त्याच्या संमतीनेच लिहिले आहे.

अशा अभिप्रायाची गरज का वाटली, हे आधी सांगते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या साधारण ३८ माणसांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळतात. उरलेल्या सदतीस जणांच्या घरांत काय चालले असेल, याची कल्पना ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना वेगळी करून द्यायला नको. शपथा घातल्या जातात, देवापुढे नारळ फोडून वचने घेतली जातात, पगाराचे पैसे काढून घेतले जातात, आणि शेवटी ‘त्याच्या मनातच नाही’ असे म्हणून सगळे हात टेकतात. आमच्याकडेही हेच चालले होते.

गटाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्याबाबत हयगय झाली तर जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणे, घाम, झोप उडणे एवढ्यावरच थांबेल असे नाही. फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, आणि ही अवस्था वेळेवर उपचार न झाल्यास प्राणघातक ठरू शकते. मदत गट हे काम करीत नाही आणि करण्याचा दावाही करीत नाही. म्हणून आधी डॉक्टर, मग गट, असाच क्रम ठेवावा. आम्ही रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. तिथे सुरुवातीचे दिवस औषधांखाली पार पडले आणि त्यानंतरच मीटिंगची गोष्ट निघाली. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर शासनाच्या १४४४६ या निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलि-मानस या शासनाच्याच मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

शोधाच्या काळात आमची गाठ एका खासगी केंद्राशीही पडली. रुग्ण तयार नसला तरी ‘आमची माणसे येऊन उचलून नेतील’ असे फोनवरच सांगण्यात आले, आगाऊ पैसे मागितले गेले आणि नातेवाइकांनी पहिले काही आठवडे भेटायचे नाही अशी अट घालण्यात आली. नोंदणीचा क्रमांक विचारल्यावर मात्र त्या व्यक्तीने विषय बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींचाही समावेश आहे, आणि अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी असावी लागते. माणूस हतबल असताना कागद विचारायचे भान राहत नाही, म्हणूनच हे मुद्दाम लिहीत आहे. नोंदणी विचारा, डॉक्टर कोण आहेत ते विचारा, भेटू देतात का ते विचारा, आणि उत्तर टाळले गेले तर तिथून निघून या.

पुण्यात राहून या विषयावर लिहायचे आणि मुक्तांगणचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या पाठबळावर येरवड्याला सुरू केलेल्या या केंद्राने महाराष्ट्राला एक मोठी गोष्ट शिकवली. व्यसनी माणूस हा रुग्ण आहे आणि त्याच्याशी मित्रासारखे बोलता येते, ती ही गोष्ट. तिथून बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका होतात, घरच्यांशीही बोलले जाते. ज्याला निवासी उपचारांची गरज आहे आणि सुटी मिळू शकते, त्याने तिथे जरूर चौकशी करावी. माझ्या भावाची अडचण वेगळी होती. तो चाकणच्या एका कारखान्यात फिटर आहे, पाळी दर आठवड्याला बदलते, आणि सुटीचा पगार बुडला तर घराचा हप्ता बुडतो. चाकणहून सुटल्यावर नाशिक फाट्याची गर्दी ओलांडून येरवड्याला जायचे आणि पुन्हा निगडीला परतायचे, हे आठवड्यातून एकदा जमेल; ज्या संध्याकाळी जीव कासावीस होतो त्या संध्याकाळी जमणार नाही. आणि कारखान्याच्या फाटकापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दारूची दुकाने किती आहेत, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? आम्हाला गट हवा होता तो त्या रस्त्यावर, घराच्या अलीकडे.

इथेच माझे या अभिप्रायातील मुख्य मत मांडते. मदत गट निवडताना त्याची ख्याती, त्याचे सभागृह, तिथे येणाऱ्यांचे शिक्षण यांपैकी काहीही पाहू नये. वाईट संध्याकाळी अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते का आणि आपल्या माणसाला ज्या भाषेत भांडता येते, रडता येते, त्याच भाषेत तिथे बोलता येते का, एवढेच पाहावे.

ए.ए.ची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी, बिल आणि डॉ. बॉब या दोन मद्यपींच्या भेटीतून झाली. एक शेअर बाजारातला माणूस आणि एक शल्यचिकित्सक. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणाने बोलला, तर दोघांनाही त्या दिवशी न पिता राहता येते, हा त्यांचा अनुभव होता, आणि आजही मीटिंगचे सारे काम त्याच अनुभवावर उभे आहे. भारतात ही चळवळ १९५७ च्या सुमारास आली आणि मुंबईत रुजली. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट आहे. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही, ओळखपत्र मागत नाहीत. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून चालतो आणि बाहेरच्या देणग्या तत्त्व म्हणून नाकारल्या जातात.

या तत्त्वांचाच एक परिणाम असा, की गट सापडणे अवघड जाते. स्वतःची जाहिरात करायची नाही, वर्तमानपत्रात चेहरे झळकवायचे नाहीत, कुठल्याही संस्थेशी नाव जोडायचे नाही, असे ठरल्यावर रस्त्यावर पाटी कुठून दिसणार? आम्ही ज्या रस्त्याने वर्षानुवर्षे भाजी आणायला जातो, त्याच रस्त्यावरच्या शाळेत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मीटिंग भरते, हे आम्हाला माहीतच नव्हते. पत्ता मिळाला तो मानसोपचार विभागाच्या बाहेर ठेवलेल्या एका पत्रकावरून. पत्रकावरील क्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी आधी स्वतःविषयी दोन वाक्ये सांगितली, मग भाऊ कुठे राहतो आणि कोणत्या पाळीला आहे ते विचारले, आणि पाळीनुसार तीन वेगवेगळ्या भागांतल्या मीटिंगच्या वेळा सांगितल्या. पहिल्या दिवशी आमचा एक माणूस चौकात येऊन थांबेल, असेही ते म्हणाले, आणि खरोखरच एक माणूस थांबला होता. शोधणाऱ्यांना माझे सांगणे असे, की सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या समाजसेवकांकडे किंवा ए.ए.च्या हेल्पलाइनवर विचारावे. नकाशावरचा पत्ता पाहून निघू नये.

आता मीटिंगविषयी. महापालिकेच्या शाळेतील तळमजल्यावरचा एक वर्ग, बाके चौथीच्या मुलांची, त्यामुळे उंच माणसांना गुडघे आडवे करून बसावे लागते. फळ्यावर दिवसाचा सुविचार तसाच असतो. सात वाजण्यापूर्वी एक जण पिशवीतून बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी ए.ए.ने सांगितलेल्या बारा टप्प्यांचा, कापडी फलक काढतो आणि खिडकीच्या गजांना सुतळीने बांधतो. मीटिंग संपली की तोच फलक गुंडाळून पिशवीत जातो आणि सकाळी शाळेत आलेल्या मुलांना तिथे काही झाले होते याचा पत्ताही लागत नाही. सुरुवातीला प्रार्थना होते, संघटना म्हणजे काय आणि काय नव्हे हे सांगणारा एक छोटा मजकूर वाचला जातो, आणि मग एकेक जण उठून आपले पहिले नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत असे म्हणतो आणि बोलू लागतो. त्याला ते ‘शेअरिंग’ म्हणतात. बोलणाऱ्याला मध्ये कुणी अडवत नाही, सल्ला देत नाही, त्याच्या बोलण्यावर टीका करीत नाही. पुढचा माणूस उठतो तो स्वतःविषयीच बोलायला. आपल्याकडे चार माणसे जमली की एकाच्या दुःखावर तिघांचे उपाय तयार असतात. तिथे तासभर कुणीही उपाय सांगत नाही, आणि त्याचा परिणाम फार खोलवर होतो. कुणी काय सांगितले हे मी लिहिणार नाही, कारण तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असते. एवढे मात्र सांगता येईल, की माझ्या भावाचे जे वागणे आम्ही ‘फक्त आमच्याच नशिबी’ असे समजत होतो, ते सारे, अगदी बाटली कुठे लपवायची इथपर्यंत, मी अनोळखी माणसांच्या तोंडून ऐकले.

शेवटी एक पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने त्यात काही टाकायचे. नवीन माणसाला कुणी आग्रह करीत नाही. मग स्टीलच्या किटलीतला चहा आणि ग्लुकोजची बिस्किटे. खरे काम या चहाच्या वेळी होते असे माझे निरीक्षण आहे. पहिल्या दिवशी भाऊ दाराजवळच्या बाकावर बसला होता, लगेच उठून जाता यावे म्हणून. चहा घेऊन एक वयस्क गृहस्थ त्याच्या शेजारी बसले, त्याच्या कारखान्याविषयी, मशीनविषयी विचारू लागले, आणि दारूचा शब्दही काढला नाही. निघताना त्यांनी पत्रकाच्या मागे चार फोन नंबर लिहून दिले आणि म्हणाले, “प्यायल्यावर करू नकोस, प्यावंसं वाटलं की कर.” तो कागद अजून त्याच्या पाकिटात आहे.

भाषेविषयी मी वर लिहिले ते अनुभवावरून. वेळ जुळते म्हणून भाऊ आधी एका गटात गेला होता. तिथे बहुतेक जण इंग्रजीत आणि हिंदीत बोलत. माणसे चांगली होती, त्यांनी त्याला आपुलकीने बसवून घेतले, पण तो आठवडेच्या आठवडे गप्प बसून परत येई. ‘कळतं सगळं ताई, पण बोलता येत नाही,’ असे तो म्हणायचा. मराठी गटात तो दुसऱ्याच मीटिंगला उभा राहिला. वडिलांच्या आजारपणात आपण कसे वागलो, हे त्याने आम्हाला कधी सांगितले नव्हते, ते तिथे सांगितले. पुणे, मुंबई, गोवा अशा ठिकाणी मराठी, हिंदी, कोकणी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांतील मीटिंग चालतात, तेव्हा पहिल्या गटात जमले नाही म्हणून ‘ए.ए. आपल्यासाठी नाही’ असा निष्कर्ष काढू नये. दुसरा गट पाहावा, तिसरा पाहावा.

दारू सोडलेला माणूस पुन्हा पितो तेव्हा गटाची खरी परीक्षा होते. आमच्या नात्यातल्या एका लग्नाच्या हळदीला, जिथे मांडवामागे बाटल्या उघडतात हे सर्वांनाच माहीत असते, भाऊ घसरला. घरात आम्ही रडारड केली, भावजय माहेरी जायला निघाली. गटात मात्र त्याला कुणी रागावले नाही आणि कुणी पाठही थोपटली नाही. त्याच्या स्पॉन्सरने, म्हणजे गटातल्या ज्या जुन्या सभासदाचा तो हात धरून चालला आहे त्याने, त्याला एवढेच विचारले की हळदीला जाण्यापूर्वी तू फोन का केला नाहीस. मग पुढच्या लग्नाला किती वाजता जायचे, कुणासोबत जायचे, पोट भरून जायचे की उपाशी, आणि कुठल्या क्षणी निघायचे, याची त्यांनी दोघांनी बसून आखणी केली. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींपासून सांभाळायचे, हे त्या मंडळींचे जुने सांगणे आहे, आणि रात्रपाळी करणाऱ्या माणसाला त्यातल्या तीन तरी रोज भेटतात.

काही जणांना या पद्धतीतील ईश्वराचा उल्लेख खटकतो. बारा पायऱ्यांमध्ये आपल्याहून मोठ्या शक्तीवर विसंबण्याची गोष्ट आहे, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. परंतु ती शक्ती कोणती, हे ज्याने त्याने ठरवायचे असते. एखादा पांडुरंगाचे नाव घेतो, तर एखादा सरळ म्हणतो की हा गटच माझ्याहून मोठा आहे. माझा भाऊ देवभोळा नाही आणि त्याचे अडलेले नाही. ज्याला हे मुळीच मानवत नाही, त्याने रुग्णालयातील समुपदेशकांच्या गटाची चौकशी करावी, त्यात काहीही कमीपणा नाही. गळ्यात माळ घालून दारू सोडलेली आणि दिंडीच्या सोबतीने टिकलेली माणसेही आपल्या गावांत आहेत. तिथेही सोबतच कामी आलेली असते.

औषधांबाबत सावध असावे. गटातील कुणी आपल्या अनुभवावरून ‘गोळ्या बंद कर’ असे म्हटले, तर ते ऐकू नये. सभासदांनी डॉक्टरची भूमिका घेऊ नये, असे ए.ए.चे स्वतःचे साहित्यही सांगते. भाऊ मीटिंगला जातो आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही घेतो. या दोहोंत विरोध नाही.

अशा गटांचा खरोखर उपयोग होतो का, असे शंकेखोर नातेवाईक विचारतात, आणि विचारणे योग्यच आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसे होती. ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार घेतलेली माणसे पूर्णपणे दारूपासून दूर राहण्यात इतर मान्यताप्राप्त मानसोपचार घेणाऱ्यांपेक्षा पुढे असल्याचे त्यात आढळले. नुसता पत्ता हातात देऊन पाठवण्यापेक्षा सोबत नेऊन बसवणे, ओळख करून देणे याला किती महत्त्व आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. चौकात थांबलेल्या त्या माणसाचे मोल मला तेव्हा कळले.

घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे, आणि तिच्या सुरुवातीमागे बिलची पत्नी लोइस होती. भावजयीला मी तिथे नेले ते तिच्या मनाविरुद्ध. ‘पितात ते, आणि मीटिंगला मी का जाऊ?’ हा तिचा प्रश्न रास्त होता. तिथे तिच्यासारख्या बायका भेटल्यावर तिने नवऱ्याचे खिसे तपासणे आणि त्याच्या कारखान्यात खोटे आजारपण कळवणे, ही दोन कामे सोडली. घर शांत झाले असे मी म्हणणार नाही, पण ती रात्री झोपू लागली. पिणारा माणूस मीटिंगला जायला तयार नसेल तरीही घरच्यांनी स्वतः जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सर्वांत मोठी उणीव स्त्रियांबाबत आहे. मी ज्या खुल्या मीटिंगना बसले, तिथे दारू सोडणारी म्हणून उठून बोलणारी स्त्री मला दिसली नाही. आपल्या समाजात पिणाऱ्या बाईने पुरुषांनी भरलेल्या वर्गात उभे राहून हे कबूल करावे, ही अपेक्षाच कठोर आहे. अशा बहिणींनी हेल्पलाइनवर स्त्रियांच्या स्वतंत्र आणि ऑनलाइन मीटिंगविषयी स्पष्टपणे विचारावे. मुक्तांगणचा ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा विभागही ठाऊक असावा.

जाण्यापूर्वी फोन मात्र अवश्य करावा. वर्ग शाळेचा असल्यामुळे परीक्षा, निवडणूक किंवा दुरुस्तीच्या काळात जागा बदलते, आणि मोठ्या धीराने घराबाहेर पडलेला माणूस बंद फाटक पाहून माघारी वळला तर तो पुन्हा येईलच असे नाही. गणेश विसर्जन, धुळवड आणि ३१ डिसेंबर या दिवसांचे वेळापत्रक आठवडाभर आधीच विचारून ठेवावे. आमच्या गटात त्या दिवशी दुपारपासूनच माणसे जमू लागतात आणि उशिरापर्यंत कुणी ना कुणी बसलेले असते.